सात नंबरच्या शर्टातली मुलगी

अन्याय झाला तो किनवट तालुक्यातल्या एका मुलीवर. दिवाळीच्या सुट्ट्या लागण्याआधीच्या शेवटच्या शनिवारी, दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी, लातूरच्या मैदानावर, मुलींच्या आंतरमहाविद्यालयीन खो-खोच्या अंतिम सामन्यात. कुणी केला, ते पुढे येईलच. त्यात पहिली मी आहे. नावं मात्र इथं कुणाचीच लिहिणार नाही. मी तिला म्हटलं होतं, तुझं नाव छापून गावभर वाटते. ती म्हणाली, "कागदावर नगं, ताई. ज्या रेडिओवरनं ते गेलं न्हाई, तिथनं आधी जाऊ द्या. मंग कुठं बी छापा."

जिचं नाव गिळलं गेलं तिचंच नाव नसेल, तर बाकीच्यांची नावं लिहून त्यांना मोठं कशाला करायचं?

विद्यापीठाचं रेडिओ केंद्र नांदेडला, कॅम्पसवर आहे. त्याच्या जोडीला एक चॅनल आहे, काही गावांत केबलवर दिसतं, बाकी सगळीकडे मोबाइलवर. दोन्ही मिळून नांदेड-लातूर जिल्ह्यांतल्या कॉलेजांचे सामने ऐकवतात, दाखवतात. आम्ही सगळे त्याला 'नेटवर्क' म्हणायचो. ऐकायला मोठं वाटतं. प्रत्यक्षात लातूरच्या मैदानावर एक कॅमेरा, एक टेबल, एक माइक आणि मी. कॅमेरा समोरच्या इमारतीच्या गच्चीवर लावलेला, इतका लांब की पडद्यावर माणूस बोटाएवढा दिसायचा. चेहरा ओळखणं शक्यच नव्हतं, पाठीवरचा नंबर तेवढा वाचता यायचा. माइक एकच, तोच रेडिओला, तोच टीव्हीला. नांदेडला बसून प्रक्षेपण सांभाळणारे स्टुडिओचे सर माझ्या हेडफोनवर असायचे. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं होतं, "तू रेडिओसाठी बोल. टीव्हीवाल्यांना दिसतंयच. रेडिओवर तू गप्प बसलीस की माणसाला वाटतं बंद पडलं, अन् तो मोबाइल आपटायला लागतो."

बोलायची मला कधी अडचण नव्हती. आमच्या वस्तीतल्या विहारात चौदा एप्रिलला सकाळपासून लाउडस्पीकरवर मीच असायचे. कॉलेजात पत्रकं लिहिली. हॉस्टेलच्या पाण्यावर लिहिली, एसटीच्या फेऱ्यांवर लिहिली, बंद पडलेल्या वाचनालयावर लिहिली. नेटवर्कच्या दारात गेले तीसुद्धा भांडायलाच. मुलींचे सामने का दाखवत नाही, असं पत्रक घेऊन गेले होते. स्टुडिओच्या सरांनी ते उभ्या उभ्या वाचलं आणि म्हणाले, "मग तूच बोल की. आम्हाला बोलणारं माणूस मिळत नाही." मी खूश होऊन घरी आले. तेव्हाच संशय यायला हवा होता. ओरडणाऱ्या माणसाला गप्प करायचे बरेच मार्ग आहेत, त्यात त्याच्या हातात माइक देणं हाही एक आहे.

माझ्या येण्याआधी खेळाडूंना नंबरनं पुकारायचे. चार नंबर बाद, नऊ नंबर आत. मी चार ओळींचं पत्रक काढलं, 'आमच्या पोरींना नंबर नाही, नाव आहे.' गावाकडे कुणी आई मोबाइलला कान लावून बसली असेल, तिला नऊ नंबर म्हणजे कोण हे कसं कळावं? हे सगळ्यांना पटलं, आणि नियम झाला. कॉलेजचे क्रीडा शिक्षक आदल्या दिवशी यादी पाठवतात, नंबर आणि त्याच्यापुढे नाव. यादी टेबलावर ठेवायची, मैदानात नंबर दिसला की यादीतलं नाव बोलायचं. पत्रकं काढून काढून मी मिळवलेला हा एकच विजय, आणि त्यावर मी लई खूश होते.

आता शर्टांचं सांगते, कारण सगळं तिथंच आहे. किनवटकडच्या त्या कॉलेजात खो-खोच्या शर्टांचा एकच संच. मुलांचा सामना सकाळी, मुलींचा दुपारी. मुलं खेळून आली की शर्ट काढून द्यायची, मुली ते नळावर धुवायच्या, मैदानाच्या जाळीवर उन्हात टाकायच्या आणि दुपारी तेच घालायच्या. बऱ्याच कॉलेजांत असंच चालतं, कुणी त्याचा बोभाटा करत नाही. यादीत या मुलीचा नंबर चार होता. सकाळी ज्या मुलानं चार नंबर घातला होता त्यानं गडी टिपायला सूर मारला आणि शर्ट काखेपासून कमरेपर्यंत फाटला. बॅगेत एक शर्ट कोरडा, सकाळी मुलांतही कुणी न घातलेला, घडी न मोडलेला होता. सात नंबर. तो जिचा होता ती मुलगी त्या दिवशी आलीच नव्हती. क्रीडा शिक्षकांनी घडी मोडली, चार नंबरवाल्या मुलीच्या अंगावर टाकला आणि म्हणाले, "घाल गं, वेळ झाला."

यादी मात्र आदल्या दिवशीच माझ्याकडे आली होती.

तीन वाजून दहा मिनिटांनी किनवटच्या मुलींची पळती सुरू झाली. खो-खोत तिघी-तिघींच्या तुकड्या आत येतात. पहिल्या तुकडीतल्या दोघी लवकर बाद झाल्या, उरली एकटी सात नंबर. आणि मग ती जे पळाली, ते मी आजवर पाहिलेलं नाही. समोरच्या संघाच्या पोरी उठून-उठून, खो देऊन-देऊन दमल्या. ही खांबाकडे अशी जायची की वाटायचं आता सापडली, आणि पाठलाग करणारी सूर मारून मातीत पडलेली असायची, ही दुसऱ्या अंगानं उभी. मी ओरडत होते, "सात नंबर! सात नंबर अजून बाद नाही!" हेडफोनवर स्टुडिओचे सर, "नंबर काय घेतेस? नाव घे, नाव! तुझाच नियम ना?"

मी यादीत पाहिलं. सातपुढे जे नाव होतं ते घेतलं. डाव संपल्याची शिट्टी होईपर्यंत घेत राहिले. किती वेळा घेतलं ते मोजलं नाही.

किनवटच्या पोरी बाहेरून वेगळंच काहीतरी नाव घेऊन ओरडत होत्या, ते माझ्या कानावर आलं होतं. हेडफोनमधून का होईना, आलं होतं. मला वाटलं, लाडाचं नाव असेल. दुसऱ्याच्या बाबतीत मी एवढ्यावरून पत्रक काढलं असतं. स्वतःच्या बाबतीत मला विचारावंसंही वाटलं नाही.

ती शेवटपर्यंत बाद झाली नाही. किनवट जिंकलं.

सुट्ट्या लागल्या, सरल्या. एके सकाळी स्टुडिओतून मला एक फोन जोडून दिला.

"तुम्ही त्या बोलणाऱ्या ताई का?"

"हो. बोल ना."

"फायनलला सात नंबरला कोण पळालं?"

मी नाव सांगितलं. मला ते पाठच झालं होतं.

"न्हाई," ती म्हणाली. "म्या पळाले."

मला वाटलं कुणी थट्टा करतंय. मी म्हटलं, "तू कोण?"

"तेच तर इचारून राहिले तुम्हाला."

दुसऱ्या दिवशी मी नांदेडहून गाडीत बसले. मुदखेडला गाडी थांबली तेव्हा उतरून परत जावं असं एकदा मनात आलं, खोटं कशाला सांगू. किनवटला तिच्या हॉस्टेलात पोहोचले तर पोरी दारात उभ्या. पाहुणी आली म्हणून नाही, आरोपी आली म्हणून. एक बारकी पोरगी दुसरीला म्हणाली, "हीच का? आवाजावरनं मोठी वाटली व्हती."

सामन्याच्या दिवशी त्यांनी मेसमध्ये मोबाइल स्टीलच्या पातेल्यात ठेवला होता, म्हणजे आवाज सगळ्यांना जातो. सगळ्या ताटं घेऊन पातेल्याभोवती बसल्या होत्या. आपली मैत्रीण आज खेळणार. सगळा सामना ऐकला आणि तिचं नाव एकदाही आलं नाही. त्यांना वाटलं, तिला बाहेर बसवलं. जिंकल्याचा आनंदही त्यांनी नीट केला नाही. ती चषकाबरोबरचे फोटो काढून, धुळीनं भरलेली परत आली. एकीनं जवळ घेऊन विचारलं, "बसवलं व्हय गं तुला?"

"मला आधी समजंचना," ती मला सांगत होती. "म्या म्हनलं, बसवलं कामून? मीच तर पळाले. तर ह्या एकमेकींकडं बघून राहिल्या. त्यायला वाटलं, आपल्याला वाईट वाटू नये म्हणून म्या खोटं बोलून राहिले."

मग तिनं रेकॉर्डिंग लावलं. स्वतःचं पळणं, माझ्या आवाजात, दुसरीच्या नावावर.

एवढंच असतं तर मी माफी मागून, तिचं नाव पुढच्या सामन्यात दहा वेळा घेऊन मोकळी झाले असते. पण तिचा फोन आला त्याच आठवड्यात विद्यापीठाच्या संघाच्या सराव शिबिराची यादी लागली होती. निवड समिती सगळ्या मैदानांवर जात नाही, ती नेटवर्कचं रेकॉर्डिंग आणि गुणपत्रक बघते. गुणपत्रकात नंबर सात. रेकॉर्डिंगमध्ये नंबर सात आणि माझा आवाज. शिबिराचं पत्र गेलं त्या मुलीला, जिचा तो शर्ट होता आणि जी मैदानावर नव्हतीच. जी पळाली तिचं हे शेवटचं वर्ष. विद्यापीठाकडून खेळली, तिथं काही मिळवलं, तर पुढं भरतीत खेळाडूंच्या जागेसाठी अर्ज तरी करता येतो. नाहीतर घरचे आता थांबायला तयार नाहीत, तसं त्यांनी तिला सांगितलंय. शिबिर तिला हवंय ते एवढ्यासाठी.

तिच्या कॉलेजचे क्रीडा शिक्षक मला स्टाफरूममध्ये भेटले. चहा मागवला. चहा मागवणाऱ्या माणसाचं मला आधीच काही खरं वाटत नाही.

"शर्टाचं काय घेऊन बसलीस, बाई? कॉलेज जिंकलं का न्हाई?"

"सर, नंबर बदलला तर गुणलेखकांच्या टेबलाला सांगायचं असतं."

"सांगितलं की म्या."

"गुणपत्रकाची प्रत बघितली मी. कुठं खाडाखोड नाही, सही नाही."

"मंग त्यांनी लिहिलं नसंल. आता सगळंच मीच करू का? बॅग मीच धरू, पोरी मीच मोजू, नंबर बी मीच लिहू?"

"शिबिराच्या समितीला एक पत्र द्या. एवढंच लिहा, की सात नंबरला ही होती."

ते कपातला चहा फिरवत राहिले. मग म्हणाले, "तिला पुढच्या वर्षी घेऊ."

"पुढच्या वर्षी ती कॉलेजात असणार नाही."

"बघ आता," ते म्हणाले, जणू काही हा दोष तिचाच होता.

मी तिथून निघाले तेव्हाही, खरं सांगते, मला ती चूकच वाटत होती. फाटका शर्ट, घाई, आदल्या दिवशीची यादी. असं कुणाच्याही हातून होतं. माझ्याही झालंच की. संशय आला तो नांदेडला परत आल्यावर, स्टुडिओत.

नेटवर्क सामन्यांतले चांगले तुकडे कापून मोबाइलवर टाकतं. सात नंबरच्या पळतीचाही तुकडा होता, बऱ्याच लोकांनी पाहिलेला. त्याच्या सुरुवातीला नाव आणि फोटो. फोटो त्या न आलेल्या मुलीचा. मी सरांना विचारलं, "फोटो कुठून आला? आपण तर खेळाडूंचे फोटो मागवत नाही."

"कॉलेजकडून आला असेल."

"कधी?"

त्यांनी मोबाइल काढला, शोधलं, माझ्यापुढे धरलं. सामन्याच्याच दिवशी, सामना संपल्यावर तासाभरात आलेला. फोटोखाली लिहिलेलं, 'आमची सात नंबर.' पाठवणाऱ्याचं नाव होतं तिथं सरांचा अंगठा होता.

"अंगठा काढा सर."

"तुला काय करायचंय?"

"अंगठा काढा."

त्यांनी मोबाइल खिशात घातला. "हे बघ, जे हवेत गेलं ते गेलं. रेकॉर्डिंगला आपण हात लावत नाही. उद्या प्रत्येक जण येईल, माझं नाव घाला म्हणून. मग आपल्या रेकॉर्डिंगवर विश्वास कोण ठेवेल?"

चुकीच्या नावाचं रेकॉर्डिंग विश्वास टिकावा म्हणून जपायचं, हे मला तिथं पहिल्यांदा कळलं. आणि दुसरीही एक गोष्ट कळली. तीन वाजून दहा मिनिटांपासून डाव संपेपर्यंत ती चूक होती. पण कॉलेजातल्या कुणीतरी आपल्या कानांनी चुकीचं नाव ऐकलं, मैदानावर कोण पळालं ते त्याला माहीत होतं, आणि त्यानं दुरुस्ती पाठवायच्या ऐवजी फोटो पाठवला. त्यानंतर त्याला चूक कसं म्हणू? न आलेली मुलगी कॉलेजच्या संस्थेच्या सचिवांची पुतणी आहे. हे मी नंतर शोधून काढलं असं नाही, हॉस्टेलच्या पोरींनी दारातच सांगितलं होतं. मी तेव्हा त्यांना म्हटलं होतं, उगं संशय घेऊ नका. मी असं म्हणाले! मी!

त्या पुतणीलाही भेटले. वाटलं होतं नाकात बोलणारी असेल. ती नांदेडच्या बसस्टँडवर उसाचा रस घेऊन उभी राहिली, घाबरलेली.

"ताई, मी त्या दिवशी औशाला होते. मावसबहिणीचा साखरपुडा होता. पत्र आलं तेव्हा मला वाटलं, सरांनी सगळ्यांचीच नावं दिली असतील."

"मग तेवढं लिहून दे. औशाला होते, एवढंच."

"काका विचारतील ना."

"आणि शिबिरात गेल्यावर?"

ती ग्लासाकडे बघत म्हणाली, "तेच तर. तिथं पळायला लावतील ना मला."

मला हसू आलं, आणि आपल्याला हसू आलं याचा रागही आला. तिलाही कुणी विचारलेलं नव्हतं. पण तिनं लिहून दिलं नाही ते नाहीच.

शेवटी मी एकटीच निवड समितीपुढे गेले. माझा अर्ज चार पानांचा होता, पत्रकासारखा, ठळक ओळींसकट. समितीच्या अध्यक्षांनी तो वाचला नाही. लॅपटॉपवर रेकॉर्डिंग लावलं. माझाच आवाज, उत्साहानं फुटलेला, ते नाव घेणारा. तो पूर्ण होऊ दिला. मग विचारलं, "हा आवाज तुमचाच ना?"

"हो."

"तेव्हा म्हणता ही पळाली, आता म्हणता ती पळाली. यातलं खरं कोणतं धरायचं आम्ही?"

"तेव्हा मी यादी वाचत होते."

"आणि आता?"

"आता मी तिला भेटून आले आहे."

"म्हणजे दोन्ही वेळेस दुसऱ्यानं सांगितलेलं," ते म्हणाले. त्यांचा आवाज चढलेला नव्हता. मी संघातल्या पोरींनी लिहून दिलेले कागद पुढे केले.

ते त्यांनी घेतले नाहीत, संघातल्या पोरी तिच्या मैत्रिणी. हॉस्टेलच्या पोरी मैदानावर नव्हत्या. मग समितीतल्या एक बाई म्हणाल्या, कॉलेजशी आणि नेटवर्कशी संबंध नसलेल्या, त्या दिवशी मैदानावर हजर असलेल्या दोन प्रेक्षकांनी सात नंबरच्या मुलीचं वर्णन सहीनिशी लिहून दिलं, आणि ते मुलीशी जुळलं, तर आम्ही तिला बोलावून शहानिशा करू. शिबिर सुरू व्हायच्या आत. त्यांच्या मनात खरंच काही होतं, की मला वाटेला लावायचं होतं, ते मला अजून ठरवता येत नाही.

गेला आठवडाभर मी लातुरात त्या मैदानाभोवती फिरते आहे. क्लासची पोरं, फिरायला येणारी मंडळी, पायऱ्यांवर पेपर वाचत बसणारे निवृत्त लोक. सगळ्यांना सामना आठवतो. "लई भारी पळाली हो ती!" कोण, विचारलं की नाव सांगतात ते माझं. म्हणजे मी सांगितलेलं. मोबाइलवर बघितलं ना, म्हणतात. फोटो पण आहे. एका गृहस्थांना आठवत होतं की फोटोतली आणि मैदानातली वेगळी वाटली. लिहून द्यायला तयारही झाले. दुसऱ्या दिवशी म्हणाले, "माझी सून त्याच संस्थेत आहे. समजून घे, पोरी." समजलं. तेच तर समजून घेत आलो आपण.

म्हणून हे लिहिलं. आणि हे वाचणाऱ्या तुमच्याशीच मला बोलायचं आहे. त्या शनिवारी दुपारी तुम्ही त्या पायऱ्यांवर, कुंपणाजवळ, गच्चीत, कुठंही असाल, आणि सात नंबरची पोरगी तुम्ही डोळ्यांनी पाहिली असेल, तर रेकॉर्डिंग पुन्हा बघू नका. मला ऐकू नका. ती दिसायला कशी होती, उंच की बुटकी, केस कसे बांधलेले होते, पायात काय होतं, अंगावर कुठं काही बांधलेलं होतं का, यातलं एक अक्षरही मी या सगळ्या पानांत लिहिलेलं नाही. मुद्दाम लिहिलेलं नाही, कारण मी लिहिलं की ते पुन्हा माझंच होईल. ते तुम्ही लिहा. तुमच्या अक्षरात, कोऱ्या कागदावर, खाली तुमचं पूर्ण नाव आणि सही. विद्यापीठाच्या क्रीडा विभागात निवड समितीच्या नावानं स्वतः नेऊन द्या आणि पोच मागून घ्या. दोन माणसं पुरेत. शिबिर सोमवारी आहे. आजच लिहा.